फुसक्या गोळीची गल्ली

माझा आवाज मोठा आहे. लहानपणी आजोबांच्या मेंढरांमागं हिंडायची, ओढ्याच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायची, ती सवय बी.एस्सी. होऊनही गेली नाही. नवरा म्हणतो, तुला फोनची गरजच काय, वालचंदनगरच्या कॉलनीतून ओरडलीस तरी बारामतीत ऐकू जातंय. म्हणू दे! बारामतीतल्या एका दवाखान्याला औषधाच्या चाचणीसाठी गावोगाव फिरून लोकांशी बोलणारी बाई पाहिजे होती. शिक्षण विज्ञानाचं आणि तोंडात गावची भाषा, अशी त्यांना मीच सापडले. नेमणूक झाली त्या दिवशी मी स्कूटीवर घरापर्यंत मोठमोठ्यानं गाणी म्हणत आले.

काम असं होतं. विषाणूच्या साथीचा मोठा तडाखा नुकता ओसरला होता, पण ती पुन्हा उलटेल ही धास्ती सगळ्यांच्याच मनात होती. आजार झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीपासूनच रोज एक गोळी घेतली तर तो टळेल का, एवढंच बघायचं होतं. गोळीत एक जुनं, स्वस्त औषध आणि त्याच्या जोडीला क जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व आणि झिंक. चघळून खायची, चवीला आंबट. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या काही गल्ल्या निवडल्या होत्या. निम्म्या गल्ल्यांना ही गोळी, आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, तशीच आंबट, पण आत औषधाचा कणही नसलेली. कुठल्या गल्लीला कुठली, हे फक्त पुण्याच्या ऑफिसला ठाऊक. मला नाही, आणि आमच्या मोठ्या डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं 'मॅडम' म्हणायचे, त्यांनाही नाही. कळलं की मन फितूर होतं, म्हणून कुणालाच कळू द्यायचं नाही! हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. एवढ्या शिकलेल्या माणसांनी आपण होऊन डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची, आणि का, तर खरं काय ते कळावं म्हणून. मला हे इतकं आवडलं की घरी मी चार दिवस दुसरं काही बोललेच नाही.

निवडलेल्या गल्ल्यांमध्ये पिंपळीतली आमची गल्ली होती. आमची म्हणजे माझ्या माहेरची. एकेकाळी सगळी मेंढरंवाली घरं, आता ऊसवाली. मी मॅडमना आधीच सांगून टाकलं की तिथं माझी आई आहे, भाऊ आहे, भावजय आहे. त्या म्हणाल्या, गोळी कुठली हे तुम्हालाच माहीत नाही, तर पक्षपात कशाचा करणार? पटलं.

दूध डेअरीसमोर सगळी गल्ली गोळा केली. माझे चुलते, म्हणजे गल्लीचे आबा, खुर्ची घेऊन पुढंच बसले. मी सुरू केलं, "समजा आबा, मेंढरांवर रोग आलाय. आन तुमच्याकडं नवीन औषध आलंय. ते गुणाचं हाय का न्हाय, कसं वळखायचं?"

"पाजायचं आन बगायचं."

"पण काही मेंढरं औषधाबिगरबी जगत्यातच की! मग औषधानं जगली का आपली आपण, ते कसं कळायचं? म्हणून निम्म्या कळपाला औषध पाजायचं आन निम्म्याला नुसतं पाणी."

आबांनी पागोटं मागं सारलं. "आन पाणी पाजलेली मेली, म्हंजी?"

"औषध गुणाचं का विषाचं, हेच अजून माहीत न्हाय, आबा. औषध पाजलेलीच पयली मरायची!"

"आगं मग मला कशात घालतीस, ते तरी सांग!" आबा ओरडले, आणि सगळी गल्ली हसून लोटपोट झाली. आईच्या शेजारची मावशी, तिला बोलायला कुणाची परवानगी लागत नाही, ती मागून म्हणाली, "म्हंजी निम्म्या गल्ल्यांना खरी गोळी आन निम्म्यांना फुसकी!" तिथून पुढं तेच नाव पडलं. दवाखान्यात आम्ही काय काय इंग्रजी शब्द वापरायचो, पण पिंपळीत ती फुसकीच राहिली, आणि महिन्याभरात मॅडमही फुसकीच म्हणायला लागल्या.

सगळे तयार झाले. पण नियमात काही माणसं बसत नव्हती. लहान पोरं नाहीत, मूत्रपिंडाचा आजार असलेले नाहीत, आणि गर्भार बायका नाहीत. गल्लीत गर्भार एकच होती, माझी वहिनी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा हातचं गेलं होतं. आता तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हापासून आई तिला जिन्याची पायरी चढू देत नव्हती. त्या वहिनीला गोळी मिळणार नाही म्हटल्यावर आई भडकलीच.

"पोटुशीलाच न्हाय? मग कुणाला देतीस, रेड्याला?"

"आई, गर्भार बाईवर हे औषध कुणी तपासलेलं न्हाय. बाळाला बाधलं तर?"

"आन तिला ती बिमारी झाली तर? ती बाळाला बाधत न्हाय व्हय?"

मी म्हटलं, नियम आहे. आई म्हणाली, "चुलीत गेला तुझा नियम," आणि उठून गेली. वहिनी मुळातच कमी बोलणारी, आमच्या घरात एवढे बोलके असल्यावर तिला जागाच कुठं राहायची!

पुढचे महिने माझे जमिनीवर पाय नव्हते. सकाळी कॉलनीतून निघायचं, लासुर्णे, सणसर, काटेवाडी करत करत एकेक गाव घ्यायचं, आठवड्यातून एकदा उलट दिशेला सासरी बावड्याला. रिकाम्या बाटल्या परत घ्यायच्या, भरलेल्या द्यायच्या, कुणाला ताप-खोकला आला का ते विचारायचं, रक्ताचे नमुने दवाखान्यात पोचवायचे. जिथं जाईन तिथं एकच वाद रंगलेला, आमची खरी का फुसकी? बावड्यात मामंजी सांगायचे, गोळीनं भूक वाढली, दोन भाकरी जास्त जातात, म्हणजे खरीच. पिंपळीत आई शपथेवर सांगायची, "माझं गुडघं हलकं झाल्याती. बिरोबाची आण, आमची खरी हाय!" शेजारच्या मावशीला तर गोळीमुळं स्वप्नंसुद्धा चांगली पडत होती. मी मनातल्या मनात हसायची आणि तोंडावर म्हणायची, मला माहीत नाही बाई. आणि खरंच माहीत नव्हतं, त्यातच तर मजा होती.

एक गोष्ट मात्र मला फार सुखावून गेली. सगळ्या गावांत बाटल्या परत यायच्या तेव्हा तळाला काही गोळ्या उरलेल्या असायच्या. माणूस विसरतो, कंटाळतो, लग्नाला परगावी जातो. पिंपळीच्या बाटल्या मात्र लख्ख रिकाम्या. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या माहेरची गल्ली म्हणजे आदर्श आहे हो." मी इतकी फुगले की त्या दिवशी सगळ्या ऑफिसला भेळ खिलवली.

मग कारखान्यांचा हंगाम जोरात सुरू झाला. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांमागून स्कूटी चालवायची म्हणजे जीव मुठीत. अशाच एका दुपारी मी धुळीनं माखून माहेरी पोचले. आई गोठ्यात होती. वहिनी ओसरीवर पाय पसरून बसली होती, पाचवा महिना, तोंडावर छान तेज आलेलं. पुढ्यात ताटली. ताटलीत मीठ लावलेले आवळे, चिंचेचं बुटुक, बोरं, आणि मधोमध एक पांढरी गोळी.

"घ्या की वन्सं," ताटली माझ्यापुढं सरकवत ती म्हणाली. "आंबट हाय."

मी बोर उचलायला हात पुढं केलेला, तो तसाच राहिला. "वहिनी, ही गोळी कुठनं आली?"

"आज मावशींची बारी हाय न्हवं." ती इतक्या साधेपणानं बोलली, की मला क्षणभर वाटलं मीच काहीतरी विसरतेय. मग तिनं सगळं सांगितलं. आमच्या गल्लीत बाई गर्भार राहिली की घराघरातून तिला आंबट जातं. डोहाळे अडवले तर पोराच्या तोंडाला लाळ सुटते म्हणतात, म्हणून कुणी कैरी देतं, कुणी चिंच, कुणी ताकाची कढी. त्यात या वर्षी घरोघरी आंबट गोळ्या आलेल्या. आणि वर ती बिमारी टाळणारी गोळी! मग बायकांनी बसून ठरवलं. पाटाचं पाणी आलं की जशी एकेका शेताची बारी असते, तशी एकेका घराची बारी लावली. ज्या घराची बारी, त्या घरातल्या बाईनं त्या दिवशी आपली गोळी खायची नाही, ती वहिनीला द्यायची. असं केलं की कुणाचीच फार बुडत नाही आणि हिची एक दिवस चुकत नाही. बारीच्या हिशेबासाठी घरोघरी रोज गोळ्या मोजल्या जायच्या, म्हणून कुणी आपलीही विसरायचं नाही.

आणि म्हणून बाटल्या लख्ख रिकाम्या! मी भेळ खिलवली होती त्या बाटल्या!

माझा आवाज काय लागला म्हणता! गोठ्यातून आई, शेजारून मावशी, समोरून आबांची सून, सगळ्या पळत आल्या. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण आबांच्या सुनेनं नंतर सांगितलं की मी त्यांना कसाईसुद्धा म्हणाले. आई माझ्याहून मोठ्यानं ओरडली, "आमी काय इख दिलं व्हय तिला? आमच्या तोंडातलं काढून दिलं!"

"इखच आसलं तर, आई? मी तुला पयल्याच दिवशी सांगितलं हुतं न्हवं, हे गर्भार बाईवर कुणी तपासलेलं न्हाय!"

"आगं पण..." आईनं वहिनीकडं बघितलं आणि तिचा आवाज एकदम बसला. "तू म्हणलीस नियम हाय. मला वाटलं, सरकारी नियम आसत्यात तसला हाय."

वहिनीनं गोळी उचलून ताटलीच्या कडेला ठेवली. "वन्सं, बाळाला काय हुईल का?"

आयुष्यात मी हजार थापा मारल्यात, पण त्या क्षणी एकही जमेना. "माहीत न्हाय, वहिनी," मी म्हणाले.

मॅडमना तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, ताबडतोब घेऊन या. भाऊ ट्रॉली घेऊन कारखान्यावर रांगेत अडकलेला. डेअरीचा पिकअप बारामतीला निघाला होता, त्याला थांबवला. वहिनी आणि आई पुढं, मी मागं कॅनांमध्ये. निघणार तोच मावशीनं पदर खोचला आणि मागं चढली. तिच्यामागून आबांची सून. तिच्यामागून आणखी दोघी. "तुमी कुठं?" मी विचारलं. "आमीबी दिल्याती," मावशी म्हणाली, आणि कॅनवर बसली. मला एवढा राग आलेला, पण त्या क्षणी मला त्या बायांचा अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगू.

दवाखान्यात मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी वहिनीला आत नेलं, तपासलं, सोनोग्राफी केली. बाळ हलत होतं, ठोके नीट पडत होते. आई भिंतीला टेकून रडायला लागली. पण मॅडमनी मला बाजूला घेतलं. "ठोके नीट आहेत याचा अर्थ सगळं नीट आहे असा नाही. औषध पोटात गेलं असेल तर काय काय बघावं लागेल, किती जपावं लागेल, ते वेगळं. नसेल गेलं तर या पोरीचे पुढचे महिने कशाला भीतीत घालवायचे? उघडावं लागेल."

उघडावं लागेल म्हणजे पुण्याला फोन करून आमच्या गल्लीचं गुपित फोडायचं. तेवढ्याचसाठी तशी सोय असते, जिवाचा प्रश्न आला तरच. पण एकदा उघडलं की आमच्या गल्लीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद. माझी आदर्श गल्ली! एवढे महिने उन्हातान्हात केलेलं काम, एवढी माणसं, सगळं अर्ध्यावर. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते वाईट वाटणं वहिनीच्या पोटातल्या जिवापुढं किती टिकणार!

"उघडा मॅडम," मी म्हणाले.

मॅडमनी फोन लावला. तिकडच्या माणसानं सांगितलं, परवानगी घेऊन उलट फोन करतो. मग सुरू झालं ते वाट बघणं. आमच्या बायका बाकावर ओळीनं बसलेल्या, पदर तोंडाला लावून. आणि मी जे ऐकलं ते या जन्मी विसरणार नाही. माझी आई, जिचे गुडघे गोळीनं हलके झाले होते, जी बिरोबाची आण घेऊन आमची खरी म्हणायची, ती हात जोडून पुटपुटत होती, "बिरोबा, फुसकी आसू दे. देवा, फुसकी आसू दे रं बाबा." मावशी शेजारी बसून म्हणत होती, "फुसकीच हाय, मला आदीपास्नं वाटतंयच."

"तुला तर सपनं पडत हुती!" आई तिच्यावर खेकसली.

"सपनं काय, मला तशीबी पडत्यात!"

वहिनी तेवढी शांत बसली होती, दोन्ही हात पोटावर. फोन वाजला. मॅडम उभ्या राहिल्या. आम्हीही सगळ्या उभ्या राहिलो, कोर्टात उभं राहतात तशा. मॅडम नुसतं "हो", "हो", "पुन्हा सांगा" म्हणत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना. मग त्यांनी फोन खाली घेतला.

"पिंपळीच्या गल्लीला औषध नव्हतं. नुसती आंबट पावडर."

मावशीनं हळूच विचारलं, "म्हंजी फुसकी?"

"फुसकी," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

अहो, काय कल्ला झाला त्या दवाखान्यात! आईनं मॅडमना मिठी मारली. मावशीनं आबांच्या सुनेची गळाभेट घेतली, जिच्याशी ती पाणंदीच्या भांडणापासून बोलत नव्हती. मी तर अशी किंचाळले की वॉचमन काठी घेऊन धावत आला. आईनं कनवटीचे पैसे काढून मला समोरच्या दुकानातून पेढे आणायला पिटाळलं, आणि आम्ही ते व्हरांड्यात दिसेल त्याला वाटत सुटलो. एका पेशंटच्या नातेवाइकानं पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "मुलगा झाला का?"

"न्हाय वो," आई म्हणाली, "गोळी फुसकी निघाली!"

तो बिचारा आणखी एक पेढा घेऊन गेला. मेडिकलच्या इतिहासात औषध नसल्याचे पेढे वाटणारी गल्ली दुसरी कुठली असेल तर मला सांगा!

त्याच पिकअपमधून परत येताना मी वहिनीशेजारी पुढं बसले, आईला मागं बायकांत पेढ्यांच्या पुड्यासकट बसवलं. मागून हसण्याचा आवाज येत होता. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होती. काटेवाडीकडं जाणाऱ्या ट्रॉल्या एकामागून एक पुढं सरकत होत्या. मी तिचा हात दाबला, "आता काळजी मिटली न्हवं?"

"व्हय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "वन्सं, म्हंजी इतकं दिवस माझ्या अंगात काहीच न्हवतं?"

"काहीच न्हवतं."

"मी त्या गोळीच्या जोरावर धाकट्या बहिणीच्या लग्नाला गेले. बाजारात गेले. सगळ्यांत बसले, जेवले." ती हसली, आणि पदर तोंडावर घट्ट ओढून घेतला. मागच्या बायकांची काळजी दवाखान्यातच संपली होती. तिची एक काळजी संपली होती आणि दुसरी तिथूनच सुरू झाली होती. नशीब म्हणायचं, तिला काही झालं नाही. तिनं उरलेले महिने तोंडाला पदर बांधून काढले, आणि दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. काळीभोर, टपोऱ्या डोळ्यांची, आणि आवाज? आत्यावर गेलाय आवाज!

चाचणी इतर गावांत पुरी झाली आणि निकाल लागला. मॅडमचं मला हे फार आवडतं, की त्यांनी तो कागदावर ठेवला नाही, गावोगाव जाऊन ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांना स्वतः सांगितला. पिंपळीलाही आल्या. पुन्हा दूध डेअरीसमोर सगळी गल्ली. मला निकाल आधीच कळला होता, पण तो लोकांना सांगताना काय होईल या विचारानं मी सकाळपासून जेवले नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "खऱ्या गोळीच्या गल्ल्यांत आणि फुसक्या गोळीच्या गल्ल्यांत माणसं जवळजवळ सारखीच आजारी पडली. या गोळीनं आजार टळत नाही. तुमची गल्ली अर्ध्यात थांबली, तरी तोवरचं तुमचंही त्यात मोजलंय."

आबा खुर्चीत सरसावून बसले. "म्हंजी एवढं दिवस आंबट तोंड करून हातात काय आलं?"

"हेच आलं, आबा. उद्या कुणी ही गोळी विकायला दारात आला, हिनं बिमारी होत नाही म्हणाला, तर त्याला सांगता येईल की होते. हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही खाल्ली, म्हणून कळलं."

आबांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. "मग ब्येस झालं. खोटं घेण्यापरीस कळल्यालं बरं." आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या. अहो, औषध चालत नाही या निकालाला टाळ्या! मी तर उड्या मारायच्याच बाकी ठेवल्या होत्या. ज्या गल्लीला निम्म्या कळपाला नुसतं पाणी पाजण्याचं हसू आलं होतं, त्याच गल्लीला आता न चालणाऱ्या गोळीची किंमत कळत होती. मला वाटलं, आपलं काम फत्ते झालं.

मग चहा झाला. मॅडमनी वहिनीच्या खांद्यावरून पोरीला घेतलं, तिचे गाल बघितले, डोळे बघितले, आणि हसत म्हणाल्या, "छान आहे पोर. पण आता पुढच्या वेळी असं काही करायचं नाही हं. गर्भारपणात न तपासलेलं औषध घ्यायचं नसतं."

"न्हाय घेणार, मॅडम," वहिनी म्हणाली. आणि मग, जी बाई आमच्या घरात चार शब्दांवर पाचवा बोलत नाही, ती पुढं म्हणाली, "पण ते तपासणार कवा?"

"तसं सहसा करत नाहीत. बाळाला धोका नको, म्हणून गर्भार बायकांना बाहेर ठेवतात."

"धोका तर मी घेतलाच की." ती भांडत नव्हती. हळूच बोलत होती. "बिमारी आली आसती तर मलाबी आलीच आसती. म्हणून तर ह्या बायांनी दिल्या आन मी खाल्ल्या. ह्या सगळ्यांपेक्षा नेमानं खाल्ल्या, एक दिवस चुकवली न्हाय. खरी निघाली आसती तर पोटावर घेतली आसती. ह्यांच्या खाण्यातनं तुमाला एवढं कळलं. माझ्या खाण्यातनं काय कळलं, मॅडम?"

आई काहीतरी सावरायला तोंड उघडत होती, मी तिचा हात धरला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. नियम मीच सांगितला होता, आणि तो चुकीचा नव्हता, आणि तरी तिचं म्हणणं खरं होतं. मॅडमनी पोरीकडं बघितलं, मग वहिनीकडं. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "काहीच नाही कळलं."